कॅम्पसला घुमट हवा की काच?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या खानापूर रस्त्याला एका शिक्षण संस्थेने नव्या कॅम्पससाठी जागा घेतली आहे. आज पदवी कॉलेज, पुढे स्वायत्त कॉलेज आणि जमलंच तर खासगी विद्यापीठ असा बेत. बांधकाम समितीत दोन तट पडलेत. जुन्या संचालकांना कमानी, घुमट, बुरूज आणि वाड्यासारखं महाद्वार हवं आहे. ‘आपली परंपरा दिसली पाहिजे’ असं ते म्हणतात. तरुण विश्वस्तांना काच, काँक्रीट आणि सरळ रेषा हव्यात. पुण्या-बंगळुरूचे कॅम्पस मोबाइलवर बघूनच मुलं आता प्रवेश घेतात, हा त्यांचा मुद्दा. समितीतल्या एका प्राध्यापकांनी विचारलंय की यात बरोबर कोण, आणि आर्किटेक्टला पहिल्या बैठकीत काय सांगायचं.

सर, तुमच्या समितीपुढची दोन्ही चित्रं दर्शनी भागाची आहेत. म्हणजे इमारत रस्त्यावरून कशी दिसेल एवढ्यावरच वाद चाललाय. बेळगाव-खानापूर भागात शाळा-कॉलेजांचीच कामं मी जास्त केली, आणि माझं मत पक्कं झालंय की इमारत चांगली निघते की वाईट, ते छेदात ठरतं. इमारत उभी कापून आतलं दाखवणारं जे रेखाटन असतं ते. छप्पर भिंतीच्या किती पुढे आलंय, खिडकीची वरची कड किती उंचीवर, व्हरांडा कुठल्या बाजूला, छपरावरचं पाणी कुठून निघून कुठं जातं, हे सगळं त्यात दिसतं. आर्किटेक्टला पहिल्या बैठकीत एवढंच सांगा: रंगीत चित्र नंतर आणा, आधी एका वर्गाचा छेद आणा, आणि त्यात जुलै महिन्यातला पाऊस काढून दाखवा.

आता परंपरेचं बघू. संचालक मंडळींच्या मनात कुठली परंपरा आहे? आपल्या भागात ती एक नाही. बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने बांधलेली. खांबांचा मंडप, छताला दगडी कमळ, आणि कुठंही खरी कमान नाही, घुमट नाही. हलशीला कदंबांची मंदिरं आहेत, पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची. खिद्रापूरचं कोपेश्वर आज महाराष्ट्रात आणि कमल बस्ती कर्नाटकात, पण दोन्हीकडचे खांब शेजारी ठेवले तर घराणं एकच हे कुणालाही कळेल. सीमा आठशे वर्षांनी आली. मग बेळगावच्या शहापूर-वडगावातली सोपा-माजघर-परसू अशी लांबच लांब घरं. कॅम्पातले इंग्रजांचे बंगले, चारी बाजूंनी व्हरांडा आणि वर मंगळुरी कौलं. टिळकवाडीतल्या जुन्या बंगल्यांनी तेच उचललं आणि आपलं करून टाकलं.

यातलं समितीच्या चित्रात काहीच नसतं. तिथं असतो कोल्हापूरचा नवा राजवाडा. सुंदर इमारत आहे, वादच नाही. पण ती १८७७ ते १८८४ या काळात उभी राहिली, आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरचा, आणि त्याने गुजरात-राजस्थानापासून जैन मंदिरांपर्यंत जे जे आवडलं ते एकत्र केलं. तिच्या काळात ती नव्या फॅशनची इमारत होती. आपल्याकडे ‘हेरिटेज स्टाइल’ म्हणून जे मागतात, ते बहुतेक वेळा मँटसाहेबांच्या कल्पनेची तिसरी-चौथी नक्कल असते. दुसरा नमुना हायवेवर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे, कर्नाटक सरकारची बेळगावातली विधानभवनाची इमारत, सुवर्ण विधानसौध. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिचं उद्घाटन झालं, आणि रूप १९५६ च्या बंगळुरूच्या विधानसौधावरून घेतलेलं. राज्यसत्तेचं प्रतीक म्हणून ती उभी केली, त्या कामापुरती ती ठीक. पण ती गजबजते हिवाळी अधिवेशनापुरती. तुमच्या कॉलेजात रोज सकाळी साडेसातला पोरं येणार आहेत, ओल्या छत्र्या घेऊन.

या सीमाभागात इमारतीचं रूप हे भाषेच्या आणि अस्मितेच्या बाजूने बघितलं जातं, हे मला कळतं. मराठी संस्थेला बुरूज हवासा वाटतो, सरकारी इमारतीला चालुक्य खांब. त्याला मी हसत नाही. पण ती हौस एका जागी करा, सगळ्या कॅम्पसभर नको. महाद्वार करा हवं तर, आणि ते खऱ्या दगडात करा, कारागीर बोलावून.

घुमटाबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. आज कॉलेजवर बसवतात तो घुमट जीआरसीचा (काचतंतू घातलेल्या काँक्रीटचा) किंवा फायबरचा पोकळ साचा असतो. खाली नेहमीचा आरसीसी सांगाडा, वर स्लॅब, आणि त्यावर टोपी ठेवल्यासारखा घुमट. घुमट आणि स्लॅब यांच्या सांध्यात तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात पाणी शिरतं. आत वटवाघळं आणि कबुतरं. एका संस्थेच्या सभागृहावरचा असा घुमट उतरवून घ्यायच्या कामाला मी होतो. बसवायला लागला त्याहून उतरवायला जास्त त्रास. खरा घुमट बांधला आणि त्याखाली सभागृह घेतलं तर वेगळीच अडचण. आतून वाटोळं छत आवाज एका जागी गोळा करतं. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज फिरून फिरून ऐकू येते म्हणून लोक तिकीट काढून जातात. तोच गुण तुमच्या हॉलला आला तर पाहुण्यांचं भाषण पहिल्या रांगेलाही कळायचं नाही.

तर तरुण विश्वस्त जिंकले असं समजू नका. त्यांच्या काचेच्या चित्राकडे येतो.

आपला पाऊस नीट समजून घ्या. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर, खानापूरला त्याहून बराच जास्त, आणि जांबोटी-कणकुंबीकडे तर आकडा काही हजारांत जातो. हा पाऊस वरून पडत नाही, पश्चिम-नैऋत्येकडून आडवा येतो. झड लागली की दोन-अडीच फुटांच्या छज्जाचा काही उपयोग नसतो; पाणी थेट भिंतीवर. जून ते सप्टेंबर पश्चिमेची भिंत वाळतच नाही. काचेच्या पडद्याच्या भिंतीत शेकडो सांधे असतात, सगळे सिलिकॉनने बंद केलेले. उन्हाने ते सिलिकॉन कडक होतं, फाटतं, आणि आडवा पाऊस बरोबर तीच फट शोधतो. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्या त्या सांध्यांवर दरवर्षी दोरीवरची माणसं उतरवतात. तुमच्या संस्थेत एक शिपाई आणि एक इलेक्ट्रिशियन आहे.

उन्हाचंही तसंच. बेळगाव साधारण पावणेसोळा-सोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि डिसेंबरात दुपारी तो दक्षिणेला सुमारे ५० अंशांवर येतो. म्हणजे उत्तर-दक्षिणेच्या खिडक्या साध्या छज्जाने किंवा व्हरांड्याने झाकता येतात. पूर्व-पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा पुरत नाही. मग काय होतं? सकाळच्या तासाला पूर्वेकडच्या काचेवर वर्तमानपत्रं चिकटवली जातात. मी असे कॅम्पस बघितलेत, बाहेरून निळी काच आणि आतून पेपर.

ऊन आणि पाऊस दोघंही इथं एकच सांगतात. इमारतीच्या लांब भिंतींची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला करा, पश्चिमेचं टोक बंद ठेवा. तिथं जिना, स्टोअर, स्वच्छतागृहं घाला. दक्षिणेला अडीच-तीन मीटर रुंद व्हरांडा द्या, तो झड अंगावर घेईल आणि वर्गाची भिंत कोरडी राहील. वर्गाची रुंदी, एका खिडकीपासून समोरच्या खिडकीपर्यंत, सात-साडेसात मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून वारा आरपार जातो आणि ढगाळ दिवसातही फळा दिसतो. खिडकीची वरची कड जितकी उंच तितका उजेड आत जातो, साधारण त्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट. हे गणित कुठल्याच शैलीचं नाही, पण हे जमलं की निम्मी इमारत झाली.

छपराचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण माझ्या मते सगळ्या वादाचं उत्तर तिथं आहे.

बेळगावात कुठल्याही उंच इमारतीवर चढून बघा. खाली सपाट स्लॅबची घरं, शाळा, दवाखाने, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या गच्चीवर निळ्या किंवा लाल पत्र्याचं उतरतं शेड. बांधताना सगळ्यांनी ‘मॉडर्न’ सपाट गच्ची मागितली. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, केला, त्यावर रसायनं लावली. आठ-दहा पावसाळे झाले, वरच्या मजल्यावर ओल आली, एकदा वॉटरप्रूफिंग केलं, दुसऱ्यांदा केलं, आणि शेवटी लोखंडी खांब उभे करून पत्रा घातला. म्हणजे आजोबांचं कौलारू छप्परच परत आलं, फक्त दुप्पट खर्चाने आणि विद्रूप होऊन. माझ्या भागातल्या वास्तुकलेचा सगळ्यात मोठा निकाल मला या शेडांत दिसतो. लोकांनी पैसे मोजून दिलेलं मत आहे ते. तुमच्या कॅम्पसवरही दहा वर्षांनी पत्रा चढणारच आहे, तर तो उतार आज नीट विचार करून का काढू नये?

पण उतार काढायचे प्रकार आहेत. गोव्याकडून आलेली एक पद्धत इथं फार बोकाळली आहे: तिरका स्लॅब ओतायचा आणि त्यावर सिमेंटात कौलं चिकटवायची. फोटोत उत्तम दिसतं. पण कौलाखाली शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, शेवाळ धरतं, कौल फुटलं तर एकटं बदलता येत नाही. त्याच स्लॅबवर रिपा, म्हणजे पट्ट्या, मारून कौलं मोकळी ठेवली, तर खालून हवा खेळते, शिरलेलं पाणी स्लॅबवरून उतरून पन्हाळीत जातं, आणि मधल्या पोकळीमुळे एप्रिल-मे महिन्यात खोली तापत नाही. खर्चात फरक थोडा. नुसता पत्रा वर्गावर घालू नका. पाऊस सुरू झाला की शिक्षकाचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. घालायचाच तर खाली छत करून मध्ये आवाज शोषणारा थर द्या.

कौलांसाठी लांब जायला नको. खानापूरची माती कौलांची आणि विटांचीच. कौलांचे कारखाने आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, पण माल मिळतो, आणि खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था खानापुरातच आहे. जाळीच्या विटा, पन्हाळीचे तुकडे, व्हरांड्याच्या फरशा असं काही वेगळं करून घ्यायचं असेल तर आर्किटेक्टला तिकडे एकदा पाठवा.

तरुण विश्वस्तांना वाटेल, हे म्हणजे पुन्हा जुनंच. तसं नाही. आधुनिक वास्तुकलेतली आपल्या देशातली उत्तम कामं बघा, त्यांत हेच आहे. आर्किटेक्ट अच्युत कानविंदे आपल्या शेजारचेच, मालवणजवळच्या आचऱ्याचे, जन्म १९१६. जे. जे.त शिकले, हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेच्या गुरूंपैकी एक वॉल्टर ग्रोपियस याच्या हाताखाली गेले, आणि परत येऊन आयआयटी कानपूरचा कॅम्पस केला. वीट आणि काँक्रीट, एकही कमान-घुमट नाही. पण तिथं ग्रंथालय, वर्ग आणि विभाग जोडणारे झाकलेले रस्ते आहेत, दोन पातळ्यांवर. पोरं उन्हात न जाता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतात. कोकणातला माणूस, पडवीचं महत्त्व त्याला शिकवावं लागलं नसणार, असं आपलं मला वाटतं.

बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मले, १९२७ साली. ल कॉर्बुझिए आणि लुई कान या जगप्रसिद्ध आर्किटेक्टांबरोबर काम केलेला माणूस. २०१८ मध्ये वास्तुकलेतलं मोठं मानलं जाणारं प्रित्झकर पारितोषिक मिळालं, ते मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचं आयआयएम बंगळुरू तुमच्या समितीने एकदा बघून यावं, मी तर म्हणतो सहलच काढा. बाहेरून ‘दर्शनी भाग’ असा सांगताच येत नाही. करड्या ग्रॅनाइटच्या खरबरीत भिंती, लांब ओवऱ्या, काही झाकलेल्या, काहींवर नुसत्या काँक्रीटच्या पट्ट्या आणि त्यावर वेली, मध्ये चौकच चौक. दोशी स्वतः फत्तेपूर सिक्रीचं नाव घ्यायचे. तिथली एकही नक्षी त्यांनी उचलली नाही. उचललं ते दोन इमारतींमधलं अंतर, सावली, चौकातून चौकात जाणं. संचालक म्हणतात ती परंपरा आणि विश्वस्त म्हणतात ती आधुनिकता तिथं एकाच भिंतीत आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातलं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र, हे आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं काम. त्याच्या भिंती स्थानिक काळ्या दगडाच्या आणि मधला चौक कुंडासारखा उतरत जाणारा. तेही जाता-येता बघा.

पण मोठं नाव म्हणजे इमारत आपोआप टिकते असं नाही, आणि हे विश्वस्तांनी नीट ऐकावं. अहमदाबादचं आयआयएम लुई कानचं, १९६२ पासूनचं काम, जगभरचे विद्यार्थी बघायला येतात. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने तिथल्या १८ पैकी १४ वसतिगृहं पाडायचं ठरवलं. कारणं दिली ती अशी: गळती, विटांची झीज, सुटणारं काँक्रीट, २००१ च्या भूकंपानंतरची हानी. जगभरातून विरोध झाला, जानेवारी २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला, आणि २०२२ मध्ये दुरुस्तीऐवजी पुन्हा नव्याने बांधायचं असं संस्थेने जाहीर केलं. त्याच कॅम्पसमधल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाची दुरुस्ती मात्र इतकी उत्तम झाली की २०१९ मध्ये युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. म्हणजे दुरुस्ती होऊ शकते, पण तिला पैसा, माणूस आणि चिकाटी लागते. अहमदाबादचा पाऊस बेळगावपेक्षा पुष्कळ कमी आहे, एवढं ध्यानात ठेवा.

काँक्रीट उघडं ठेवायची हौस असेल तर त्यामागचं शास्त्र समितीला माहीत पाहिजे. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून तो गुण मारत जातो. हा परिणाम सळईपर्यंत पोचला आणि तिथं ओल असली की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, मग वरचं काँक्रीट फुगून पापुद्र्यासारखं सुटतं. सळईवर काँक्रीटचं कव्हर किती, हा म्हणून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत सौम्य हवामानाला २० मिलिमीटर, मध्यमला ३० आणि तीव्रला ४५ असं दिलंय. आमच्याकडे साइटवर कव्हर ब्लॉक म्हणून खडीचा तुकडा सरकवतात आणि व्हायब्रेटर लावला की तो निसटतो. त्या दिवशी कुणी बघायला नसेल तर इमारतीचं निम्मं आयुष्य त्याच दुपारी गेलं. शिवाय खानापूरकडे उघडं काँक्रीट दोन पावसाळ्यांत काळं पडतं. छज्जाच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाची खाच ठेवली तर पाणी तिथंच ठिबकतं, भिंतीवर ओघळत नाही. एवढी साधी खाच नकाशात असते आणि बांधताना विसरली जाते.

याउलट जांभा. आपल्या पश्चिम भागात, खानापूर-चंदगडपासून खाली कोकणापर्यंत, हा दगड पायाखालीच आहे. खाणीतून काढताना मऊ, करवतीनेही कापता येतो, हवा लागली की घट्ट होत जातो. वर चांगलं छप्पर आणि खाली उंच जोतं असलं तर गिलाव्याशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण तो पाणी पितो, हे विसरायचं नाही. पश्चिमेची भिंत जांभ्याची आणि छज्जा तोकडा असं केलं तर आत कपाटातली पुस्तकं बुरसतील. दुसरं म्हणजे, आपण आजवर ज्या भूकंप नकाशावर डिझाइन करत आलो त्यात बेळगाव तिसऱ्या विभागात आहे. नुसत्या चिऱ्यांच्या उंच भिंती चालणार नाहीत. जोत्याला, खिडकीच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचे पट्टे फिरवून भिंत बांधून घ्यावी लागते. तळमजला आणि वर एक मजला, एवढ्यापुरतं हे उत्तम. चार मजले हवे असतील तर आरसीसी सांगाडा घ्या आणि जांभा भिंती भरायला वापरा, आणि तसं ते दिसू द्या. जांभ्याच्या पातळ चकत्या गोंदाने चिकटवून दगडी इमारतीचा आव आणू नका, त्या पडतात, आणि खाली पोरं उभी असतात.

अथणी-रायबागकडच्या वाचकांनी यातलं बरंच उलटं धरावं. तिकडे पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, उन्हाळा कडक, जमीन काळी. जाड भिंती आणि मातीचं माळवद ही तिथली परंपरा, आणि ती बरोबरच होती. तिकडे सपाट छप्पर चालतं, फक्त ते तापू देऊ नका, पांढरं ठेवा किंवा वर सावली करा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पैसे दर्शनी भागाऐवजी पायात घाला. एकाच जिल्ह्यात दोन हवामानं आहेत, आणि दोन्हीकडे एकाच संस्थेच्या शाखा एकाच नकाशावरून बांधलेल्या मी बघितल्यात.

एक गोष्ट समितीत कुणी बोलत नाही: तुमचे अभ्यासक्रम बदलणार आहेत. आज जिथं वाणिज्य शाखा, तिथं पाच वर्षांनी नर्सिंग असेल. धारवाडला दक्षिण मराठा रेल्वेच्या मुख्यालयासाठी बांधलेली इमारत पुढे कर्नाटक कॉलेजला मिळाली आणि आजही तिथं वर्ग भरतात. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात राज्यपालांचं निवासस्थान होतं. कारकुनांसाठी आणि लाटसाहेबांसाठी बांधलेल्या खोल्यांत शंभर वर्षांनी पोरं शिकतायत, कारण छत उंच, व्हरांडा रुंद, खिडक्या दोन्हीकडे. एखाद्या कामासाठी तंतोतंत मापात शिवलेली इमारत लवकर निकामी होते. म्हणून खोल्या सारख्या मापाच्या, ६० ते ७० चौरस मीटरच्या ठेवा, मधल्या भिंती भार न घेणाऱ्या, आणि वायर-पाइप व्हरांड्याच्या छताखालून उघडे न्या, म्हणजे उद्या बदलताना फोडाफोड नको.

इमारतींमधल्या जागेबद्दल थोडं. खानापूर रस्त्याच्या जागेवर झाडं असतील तर आधी त्यांचा नकाशा करा, मग इमारती बसवा. प्रत्येक विभागाला वेगळी सुटी इमारत आणि मध्ये डांबरी रस्ता असा आराखडा आला तर परत पाठवा. भर पावसात एका वर्गातून ग्रंथालयात कोरडं जाता आलं पाहिजे. आणि दर्शनी भव्य पायऱ्या नकोत. काठी घेऊन येणारे निवृत्त शिक्षक आणि चाकाच्या खुर्चीतला विद्यार्थी मुख्य दारानेच आत आले पाहिजेत, मागच्या उताराने नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती तुमची जबाबदारीही आहे.

आता आर्किटेक्ट निवडताना. संगणकावरच्या रंगीत चित्रांवरून निवडू नका. त्याने दहा वर्षांपूर्वी बांधलेली एक शाळा किंवा कॉलेज दाखवायला सांगा आणि ऑगस्टमध्ये जा, तिथल्या शिपायाला भेटा, कुठल्या खोलीत बादली ठेवावी लागते ते विचारा. फी ठरवताना देखरेखीचे पैसे वेगळे धरा. सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा आणि टेकू) उभं असताना आणि काँक्रीट ओतताना त्याचा माणूस साइटवर हवा. काम संपल्यावर दुरुस्तीची वही लिहून घ्या: कुठलं कौल, कुठली वीट, पन्हाळ कधी साफ करायची, गच्चीचा सांधा कधी बघायचा. आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीचा आकडा आजपासूनच घाला, घुमट असो वा काच.

शेवटची सूचना टप्प्यांची. सगळा कॅम्पस एकदम काढू नका. सहा वर्गांचा एक ब्लॉक बांधा, दक्षिणेला व्हरांडा, वर मोकळी कौलं, पश्चिमेला बंद भिंत. जून ते सप्टेंबर तिथं वर्ग भरवा. कुठं झड आत आली, कुठल्या बाकावर पोरं बसायला तयार नाहीत, कुठल्या खिडकीवर पेपर चिकटला, किती कौलं सरकली, हे महिन्याच्या महिन्याला लिहून ठेवा. दिवाळीनंतर ती यादी घेऊन समिती बसवा, दोन्ही तटांना त्या ब्लॉकमध्ये एक पूर्ण दिवस बसायला लावा, आणि मगच दुसऱ्या टप्प्याची निविदा काढा.